अज्ञात प्रदेश कोणाला?



१८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला, तेव्हा सातपुड्याचा बराच भाग सरकारच्या लेखी अज्ञातच होता. १८६२ मध्ये जेम्स फॉर्सिथ हा तरुण लष्करी अधिकारी पचमढीच्या पठारावर चढला. तेथे त्याने ‘बायसन लॉज’ उभारले. पुढे तो पूर्वेकडील सालवनांतही हिंडला. लोहमार्गाला स्लीपर हवे होते, म्हणून सरकारला जंगलाचा हिशेब हवा होता. या भ्रमंतीवरील त्याचा ग्रंथ १८७१ साली निघाला. त्याच वर्षी तो निवर्तला.

परंतु हे अरण्य गोंड, कोरकू, बैगांना कधीच अज्ञात नव्हते. फॉर्सिथने मात्र त्यांच्या फिरत्या शेतीला जंगलाची नासाडी ठरविले. पुढे वननियमांनी बैगांची बेवर आवळत नेली आणि १८९० साली तिला मंडला जिल्ह्यातील बैगाचकापुरती मुभा उरली.

फॉर्सिथ मी आवडीने वाचला. बैहरचे बैगा तर आपले शेजारी. तरी इतकी वर्षे मराठी शिकवूनही त्यांच्या एकाही वृद्धाला ओढ्याचे नाव विचारून मी लिहून घेतले नाही, याची खंत वाटते. शताब्दीनिमित्त ग्रंथालयाने अशा नोंदींसाठी एक कोरी वही ठेवावी. पहिली नोंद मी आणून देईन.