‘झिरो’च्या बाटलीत खरंच शून्य कॅलरी असतात का?

करकंबच्या बचत गटातल्या आम्ही बायका आज एका बाटलीबद्दल बोलणार आहोत. बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘झिरो’ नाहीतर ‘डाएट’ लिहिलेलं असतं. लग्नात, बारशाला, स्टँडवरच्या टपरीत ती आता सर्रास दिसते. साखरेचा आजार असलेल्या सासूबाई म्हणतात, “ही मला चालते.” वजन उतरावं म्हणून सूनही तीच घेते. मग तिच्यात खरंच काहीच कॅलरी नसतात का?

कॅलरी म्हणजे काय, ते आधी बघू. दूध लिटरनं मोजतात, तशी अन्नातून अंगाला मिळणारी शक्ती कॅलरीत मोजतात. एक ग्रॅम साखरेत ४ कॅलरी असतात. चहाचा चमचा ५ ग्रॅमचा धरला, तर एका चमच्यात २० कॅलरी झाल्या. बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला साधारण १६६० आणि मध्यम कष्ट करणाऱ्या बाईला साधारण २१३० कॅलरी लागतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० मध्ये सांगितलं आहे.

साध्या कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलिलिटरला सुमारे १० ग्रॅम साखर असते. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत पाच चमचे साखर आणि १०० कॅलरी. चहात पाच चमचे साखर घातली, तर आपण तो तोंडात धरणार नाही. पण गार आणि आंबट असल्यामुळं बाटलीतली साखर कळत नाही.

झिरोच्या बाटलीत साखरेऐवजी ॲस्पार्टेम, सुक्रालोज अशी गोडी आणणारी द्रव्यं घालतात. आता गंमत ऐका. ॲस्पार्टेमच्या एका ग्रॅममध्येही साखरेइतक्याच ४ कॅलरी असतात! पण ते साखरेच्या सुमारे २०० पट गोड. त्यामुळं २५ ग्रॅम साखरेची गोडी आणायला एक ग्रॅमचा आठवा भाग पुरतो, आणि त्यातून जेमतेम अर्धी कॅलरी मिळते. सुक्रालोज तर सुमारे ६०० पट गोड असतं, आणि त्यातलं बहुतेक अंगाला न लागता बाहेर पडतं.

कायदा काय म्हणतो? भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १०० मिलिलिटर पेयात ४ पर्यंत कॅलरी असल्या, तरी ते ‘कॅलरी नाही’ म्हणून विकता येतं. म्हणजे पाव लिटरमध्ये जास्तीत जास्त १० कॅलरी, अर्ध्या चमचा साखरेइतक्या. एक लिटरमध्ये फार तर ४०. तेव्हा ‘झिरो’ म्हणजे दर वेळी काटेकोर शून्य नव्हे, पण त्या कॅलरींनी वजन वाढेल असंही नाही. हा हिशोब खरा आहे.

मात्र ‘साखर घातलेली नाही’ आणि ‘कॅलरी नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उसाच्या रसात वरून साखर घालत नाहीत, म्हणून तो बिनसाखरेचा होतो का? फळांच्या रसाच्या डब्याचंही तसंच. ‘शुगर फ्री’ बिस्किटात आणि लाडवात पीठ, तूप असतंच, त्यांच्या कॅलरी कुठं जाणार? म्हणून पुढची मोठी अक्षरं सोडा आणि मागचा बारीक तक्ता बघा. त्यात ‘एनर्जी’ समोरचा आकडा म्हणजे कॅलरी. तो १०० मिलिलिटरचा आहे की सगळ्या बाटलीचा, तेही बघा. इंग्रजी येत नसेल, तर शाळेतल्या लेकरांकडून वाचून घ्या.

मग वजन उतरवायला ही बाटली घ्यावी का? जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये सांगितलं, की वजन ताब्यात ठेवण्यासाठी अशा गोड द्रव्यांवर भिस्त ठेवू नका. लांबच्या काळात त्यांचा वजनाला फायदा दिसत नाही. हा सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. शिवाय या पेयांतल्या आम्लानं दात झिजतात, ते साखर नसली तरी झिजतात. लहान लेकरांना तर ही सवय लावूच नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाची साखर कधीकधी एकदम खाली जाते. दरदरून घाम येतो, हातपाय थरथरतात, बोलण्यात गोंधळ होतो. अशा वेळी घाईत कुणी झिरोची बाटली तोंडाला लावली, तर काहीच उपयोग होत नाही, कारण तिच्यात साखरच नाही! माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही, तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

गटाच्या येत्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली एक रिकामी बाटली नाहीतर पुडा आणावा. सगळ्या मिळून मागचा तक्ता वाचू. तहानेला मात्र माठातलं पाणी आहेच, आणि त्यात खरोखर शून्य कॅलरी असतात.