उतारवयाची तीनचाकी

बंगळूर शहरातून आग्नेयेकडे निघालेला सर्जापूर रस्ता इब्लूरच्या चौकात बाहेरचा वळणरस्ता ओलांडतो आणि पुढे कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र अशी गावांची नावे घेत सर्जापूरपर्यंत जातो. नावे तेवढी गावांची राहिली आहेत; गावे उंच इमारतींच्या मागे दिसेनाशी झाली आहेत. ह्या इमारतींतून संगणकाच्या व्यवसायात गुंतलेली मराठी कुटुंबे आहेत आणि त्यांच्यामागोमाग पुण्याहून, सोलापुराहून, बेळगावाहून आलेले त्यांचे आईवडीलही आहेत. साठी-सत्तरी उलटलेल्या ह्या मंडळींना घरात काही उणे नसते. परंतु भाजी, औषध, देवदर्शन ह्यांपैकी कशासही बाहेर पडावयाचे, तर मुलाची सवड पाहावी लागते किंवा भाड्याची गाडी मागवावी लागते. ज्याने उभी नोकरी स्वतःच्या सायकलवर जाऊन-येऊन केली, त्या माणसाला ही वाट पाहणे गुडघेदुखीहून अधिक जाचते. अशाच एखाद्या घरी कोणीतरी विजेवर चालणाऱ्या तीनचाकी सायकलीचा विषय काढतो.

कल्पना नवी नाही. न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडोर्फ गावी स्टेफान फार्फलर नावाच्या अपंग घड्याळजीने सतराव्या शतकात हाताने फिरवावयाची तीनचाकी स्वतःसाठी घडविली होती. 1881 मध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे ह्याने पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालवून दाखविली. आपल्याकडे कानपूरचा भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगम अपंगांसाठी मोटारीच्या तीनचाकी तयार करतो. पण ती गाडी पाय चालत नाहीत अशांसाठी, सर्वस्वी हातांनी चालविण्याजोगी केलेली असते. ज्याचे पाय चालतात पण तोल भरवशाचा राहिलेला नाही, त्याची गरज निराळी. त्याला पायडल हवे असते; फक्त चढावर आणि निघताना कोणी मागून हात लावावा, एवढीच त्याची अपेक्षा असते.

दुकानात अशी गाडी पाहताच मन निर्धास्त होते, कारण ती आपल्या आपण उभी राहते. तीन पायांची तिवई ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. परंतु तिवई कधी वळत नाही! दोन चाकांची सायकल वळताना स्वार सायकलीसह आतल्या बाजूस कलतो आणि तोल सांभाळला जातो. तीनचाकीला कलता येत नाही. ती सरळच राहते आणि माणूस बाहेरच्या बाजूस लोटला जातो. मागची दोन चाके एकमेकांपासून 70 सेंटिमीटरवर आणि स्वाराचा भार जमिनीपासून सुमारे 90 सेंटिमीटर उंचीवर धरून हिशेब केला, तर चार मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 12 किलोमीटरच्या आसपासच आतले चाक जमीन सोडू पाहते. वेग दुप्पट केला की हा लोट चौपट होतो. म्हणून गाडी ताशी किती किलोमीटर धावते, हा प्रश्न गौण समजावा. बैठक किती खाली घेता येते आणि मागची चाके किती रुंद अंतरावर आहेत, हे आधी विचारावे. पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली, बसकी गाडी वळणावर अधिक भक्कम असते हे खरे. पण तिच्यात उतरून बसणे आणि पुन्हा उठणे गुडघ्यांना झेपत नाही. ज्यांच्यासाठी ती घ्यावयाची, त्यांनाच तिच्यातून उठता येऊ नये, हा सौदा काही बरा नव्हे.

जन्मभर सायकल चालविलेल्यांना येथे एक विशेष धोका आहे आणि विक्रेते त्याविषयी क्वचितच बोलतात. सायकल थांबताना पाय खाली टेकण्याची सवय हाडीमासी खिळलेली असते. तीनचाकीवर तो पाय टेकला आणि गाडी हातभर पुढे सरकली, की मागचे चाक टाचेवर येते. थांबल्यावरही पाय पायडलवरच ठेवावयाचे, ही गोष्ट साठीनंतर नव्याने शिकावी लागते. तशीच दुसरी. दोनचाकी अंग झुकवून वळविता येते, तीनचाकी हँडलनेच वळवावी लागते. शिवाय रस्त्याची कड जिकडे उतरती असेल, तिकडे ती सारखी ओढ घेते. सर्जापूर रस्त्याच्या कडेला खड्डे, खडी आणि पावसाळ्यात पाणी ह्यांची वाण नाही. दोनचाकीला खड्डा चुकविण्यास एक रेघ पुरते. तीनचाकीला तीन रेघा मोकळ्या लागतात.

मोटारीच्या निवडीत अशीच एक गोष्ट आहे, जी कागदावर दिसत नाही. काही गाड्यांत पायडल नुसते फिरले की मोटार सुरू होते. काहींत पायाचा जोर जेवढा, तेवढाच जोर मोटार लावते. पहिली स्वस्त असते आणि गर्दीत अकस्मात पुढे उडी घेते. दुसरी महाग असली तरी वयस्क माणसाला तीच मानवते. हँडलच्या मुठीत मोटारीची कळ असेल, तर चढता-उतरताना मूठ पकडून अंग उचलणाऱ्याकडून ती नकळत पिळली जाते आणि माणूस खाली, गाडी पुढे असा प्रकार होतो. तेव्हा आधी किल्ली बंद, मग उतरणे, हा क्रम अंगवळणी पडला पाहिजे. हात काढला तरी लागलेला राहील असा ब्रेक तर असावाच. इमारतीच्या तळघरातून वर येणाऱ्या उतरणीवर त्याचे मोल कळते.

ह्या उतरणीचाही हिशेब मांडून पाहावा. दहा मीटरला एक मीटर चढणारी वाट, माणूस आणि गाडी मिळून 120 किलो वजन आणि 250 वॅटची मोटार. एवढ्यात भरभर चालणाऱ्या माणसाइतकाच वेग मिळतो, आणि तो पुरेसा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 ह्यांनीही हीच मर्यादा महत्त्वाची मानली आहे. मोटार पाव किलोवॅटहून कमी शक्तीची, वेग ताशी 25 किलोमीटरहून कमी, बॅटरी वगळून वजन 60 किलोच्या आत आणि अधिकृत चाचणी संस्थेचा दाखला असेल, तर बॅटरीवरील असे वाहन मोटार वाहन गणले जात नाही. त्याला नोंदणी नको, चालविणाऱ्याला परवाना नको. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही अशा चाचणी संस्थांपैकी एक. जो विक्रेता दुपटीतिपटीची मोटार बसवून देतो आणि वर परवान्याची गरज नाही असे सांगतो, त्याच्याकडे दाखल्याची प्रत मागावी. अपघात झाला, तर विक्रेत्याचे तोंडी आश्वासन न्यायालयात कोणी ऐकून घेणार नाही.

बॅटरी शिशाची की लिथियमची, हा प्रश्न पुष्कळदा पैशांवर सोडला जातो. वास्तविक तो मनगटांवर सोडावा. 36 व्होल्टची शिशाची बॅटरी सुमारे 12 किलो भरते, तेवढ्याच कामाची लिथियमची तीन-चार किलो. ती रोज काढून वर न्यावयाची असेल, तर सत्तरीच्या माणसाने ह्यात काटकसर करू नये. मात्र लिथियमशी हयगय चालत नाही. 2022 च्या सप्टेंबरात सिकंदराबादेस विजेच्या दुचाकींच्या दुकानात आग लागली, धूर जिन्यावाटे वरच्या लॉजमध्ये शिरला आणि आठ माणसे दगावली. बॅटरी रात्री सर्व झोपलेले असताना भरू नये, तिच्याबरोबर आलेल्याच चार्जरने भरावी आणि बाहेर पडण्याच्या एकुलत्या एका दाराशी तर कधीच ठेवू नये.

खरेदीला कोणी जावे, हे सांगावयाचे राहिले. बहुधा मुलगा मोबाइलवर चित्र पाहून गाडी मागवितो आणि वडिलांच्या वाढदिवसाला ती दाराशी उभी राहते. हेतू चांगला असतो, परंतु खोक्यातून निघालेली गाडी लिफ्टमध्ये मावत नाही, दारातून आत येत नाही, किंवा तिचा दांडा साडी नेसलेल्या आईला ओलांडता येत नाही. अशी गाडी पुढे वाळत घातलेल्या कपड्यांच्या कामी येते. जो चालविणार, त्याने स्वतः दुकानी जावे. नेहमीच्या चपला घालून जावे. दहा वेळा चढावे, दहा वेळा उतरावे, पूर्ण हँडल वळवून चालीच्या वेगाने दोन्ही बाजूंना फिरावे. निघण्यापूर्वी घरच्या दाराचे आणि फाटकाचे माप दोरीने घेऊन ती दोरी खिशात ठेवावी.

गाडी घरी आल्यावर पहिले आठ दिवस मोटार बंद ठेवून इमारतीच्या आवारातच ती फिरवावी. पहाटे, मुले खेळावयास उतरण्याच्या आधी, ही वेळ चांगली. नंतर टोपलीत पाच किलो तांदूळ ठेवून पाहावे, कारण ओझे मागे गेले की वळण बदलते. नातवाला टोपलीत बसविण्याचा आग्रह होईल. तो मानू नये. मग एखाद्या रविवारी सकाळी, कोणी तरुण माणूस सोबत चालत असताना, फाटकाबाहेर पडून औषधांच्या दुकानापर्यंत जावे आणि परतीची वाट तीच ठेवावी.