कारखान्याचा नवा कारभारी

घरांत मंगलकार्य निघालें म्हणजे गृहिणी आधीं पानांचा अंदाज घेते. त्यावरून तांदूळ, डाळ, तूप किती लागेल हें काढते. कोठींत काय शिल्लक आहे तें पाहून उरलेलें वाण्याकडून आणविते, आणि कोणता जिन्नस केव्हां चुलीवर चढवावयाचा हें ठरविते. कारखान्याचें गणितहि हेंच. भेद इतकाच कीं, तेथें जिन्नस हजारों असतात आणि कार्य रोजचेंच असतें.

हें गणित गणकयंत्राकडे सोंपविण्याची पद्धति अमेरिकेंत जोसेफ ऑर्लिकी प्रभृतींनीं १९६० नंतरच्या दशकांत बसविली. तिच्यावरील ऑर्लिकी यांचा ग्रंथ १९७५ सालीं निघाला. प्रारंभीं बहुधा प्रत्येक कारखाना आपली आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, स्वतःपुरती लिहवून घेई. १९७२ सालीं जर्मनींत आयबीएम कंपनी सोडून आलेल्या पांच जणांनीं सॅप ही कंपनी काढली. एकच आज्ञावली अनेक कारखान्यांना विकतां येईल, ही त्यांची कल्पना फळास आली.

तरीहि कचेरींतील आराखडा आणि यंत्रापाशीं चाललेलें काम यांचा मेळ बसेना. कागदावर पांचशें नग तयार असावेत, आणि इकडे यंत्र सकाळपासून बंद! ही उणीव भरून काढणाऱ्या आज्ञावली १९९० नंतरच्या दशकांत पुढें आल्या. कोणत्या यंत्रावर, कोणत्या मालापासून, किती नग उतरले व किती बाद झाले, याची नोंद त्या क्षणोक्षणीं ठेवितात.

या व्यापाराची वाढ कां झाली? पहिलें कारण कायद्याचें. अन्नपदार्थ कोठून आला व कोणाकडे गेला याचा माग लावतां आला पाहिजे, असें बंधन युरोपीय संघांत २००५ पासून आहे. भारतांत १ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या ३०० नाममुद्रांवर क्यूआर कोड छापणें आवश्यक ठरलें. घरांतील आजाऱ्याला दिलेली गोळी कोणत्या घाण्यांतली, हें सांगावयाचें तर कारखान्यांतील नोंद चोख हवी. दुसरें कारण सोयीचें. पूर्वीं मोठें गणकयंत्र विकत घ्यावें लागे. आतां आज्ञावली इंटरनेटवरून भाड्यानें मिळते. रॉकवेल ऑटोमेशन या अमेरिकन कंपनीनें २०२१ सालीं, अशी भाड्याची आज्ञावली देणारी प्लेक्स ही कंपनी २२२ कोटि डॉलरांना घेतली, यावरून या धंद्याची किंमत कळेल.

आतां प्रश्न उरतो लहान कारखानदाराचा. मग तो भोसरीचा सुटे भाग करणारा असो, कीं कोल्हापूरचा ओतकाम करणारा असो. विक्रेत्याच्या वाक्चातुर्यास भुलून त्यानें आज्ञावली घेऊं नये, आणि भिऊन ती टाळूंहि नये. कोठारांतील मालाची मोजदाद आधीं नीट करावी. खोटे आंकडे भरले तर उत्तरेंहि खोटींच येतील. आपल्या नोंदी उद्यां दुसरीकडे नेतां येतील, अशी अट करारांत लिहून घ्यावी. नाहींतर भाडें वाढलें तरी जागा सोडतां येत नाहीं, अशी गत होईल. आणि यंत्रावर उभ्या असलेल्या कामगारास विश्वासांत घ्यावें. यंत्र कां थांबलें, हें त्याच्याइतकें कोणासच ठाऊक नसतें. ही नोंद त्याला पाठीवरचा आसूड वाटली, तर तो खरें सांगणार नाहीं. आणि खरें न कळलें, तर इतक्या खर्चानें आणलेला हा कारभारी आंधळाच राहील.