पाळण्यातून उतरलेला शेजारी

जत्रेतला पाळणेवाला “बसा, मजा आहे” असेच म्हणणार. त्याला आपण दोष देत नाही. पण पाळण्यातून उतरलेला शेजारी सांगतो, त्यावर आपला चटकन विश्वास बसतो. मोठमोठ्या करमणूक-उद्यानांची वर्णने मोबाइलवर दाखवणारे ‘व्हलॉगर’ या शेजाऱ्याच्याच वेषात येतात. अलीकडे मात्र मला त्यांच्याविषयी शंका वाटू लागली आहे.

फ्लोरिडातले, १९७१ साली उघडलेले वॉल्ट डिस्ने वर्ल्ड घ्या. तिथे रांग टाळण्याचा ‘फास्टपास’ १९९९ पासून फुकट मिळे. तो बंद होऊन २०२१ मध्ये पैसे मोजायची सोय आली. २०२४ मध्ये तिचेही नाव नि नियम बदलले. जुना सल्ला मात्र मोबाइलवर तसाच! शिवाय “सकाळी आधी अमुक पाळण्याकडे धावा” ही युक्ती हजारोंनी ऐकली, की रांग तिथेच लागायची.

यांची कमाई पाहणाऱ्यांच्या संख्येवर. कित्येकांना उद्यानाचे आमंत्रणही असते. खाल्ल्या मिठाला जागणारा पाहुणा भातातले खडे कसे दाखवील? मोबदला घेतला असल्यास तसे सांगावे, असा आपल्या जाहिरात मानक परिषदेचा २०२१ पासून दंडक आहे.

गुरुजनहो, खोपोलीजवळच्या इमॅजिकाला सहल न्यायची झाली, तर तीन गोष्टी पाहा: सल्ला केव्हाचा, खर्च कोणाचा, आणि गैरसोय सांगितली का? दर नि उंचीची अट उद्यानाकडूनच विचारून घ्या. नाहीतर पालकांनी पै-पै साठवून पैसे भरायचे, आणि ठेंगण्या पोरांनी दाराशी उभे राहून नुसते बघायचे!