नोंदवहीतले नाव



आम्ही कतारहून आलो आहोत. तुमचे पूर्वज गिरमिटावर मॉरिशसला आले, आम्ही व्हिसावर दोह्याला गेलो. दोन्ही प्रवास सारखे नव्हेत. पण दारात कोणाला अडवतात, हे दोघांनीही पाहिले आहे.

दोह्यात एकट्या राहणाऱ्या मजुराला, गावी बायकामुले असली तरी, ‘बॅचलर’ म्हणतात. २०१० च्या १५ क्रमांकाच्या कायद्याने कुटुंबांच्या वस्तीत मजुरांच्या निवासाला मनाई केली. काही मॉलमध्ये शुक्रवारी ‘फॅमिली डे’ असे. आठवड्याची एकच सुटी असलेला मजूर दारातून परत फिरे. आम्ही मुलांचा हात धरून आत जात असू.

मुंबईनेही हे पाहिले होते. १८७५ चा बॉम्बे जिमखाना युरोपियनांचा. भारतीयांनाही प्रवेश मिळावा म्हणून १९१८ मध्ये विलिंग्डन क्लब निघाला. रंगाची अट सुटली. पण क्लब म्हटला की बाई बहुधा नवऱ्याच्या नावावरच आत यायची.

मग आम्ही आमच्याच मंडळाचा अर्ज काढून पाहिला. सभासद नवरा, खाली ‘पत्नी व मुले’. गणपतीचे मोदक बायकांनी वळायचे, मत पुरुषांनी द्यायचे. एकट्या आलेल्या नर्सताईसाठी अर्जात रकानाच नव्हता. वर्गणी कुटुंबाची, म्हणून मजूरही बाहेर. आम्हाला कोणी अडवले नव्हते. अडवणारे आम्हीच होतो.

अर्ज बदलायचा म्हटल्यावर ‘घरात दोन मते कशाला?’ असा प्रश्न आला. वाद झाला, काही जण रुसले. आता माणशी एक नाव, एक मत. मजुरांसाठी वर्गणी कमी केली. तरी इंडस्ट्रियल एरियातून सभागृहापर्यंत त्यांना आणायचे काम अजून अपुरेच आहे.

तुमच्या पणजीला बोटीवरून उतरल्यावर नोंदवहीत स्वतःचा क्रमांक मिळाला. ती वही मालकांच्या सोयीची होती, मानाची नव्हे. तरी आज तिचे नाव त्याच वहीत सापडते. आमच्या मंडळाच्या जुन्या वहीत आमच्या बायकांची नावे सापडणार नाहीत.

म्हणून एकच विनंती. शताब्दीच्या यादीत ‘अमक्याची पत्नी’ असे लिहू नका. तिचे नाव लिहा.