प्रश्न विचारणं हाही धम्मच



मागच्या वर्षावासात धम्मवर्गात एका मुलीने विचारलं, "सर, बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून ते खरं, की खरं आहे म्हणून बाबासाहेबांनी सांगितलं?" मी तिला गप्प बसवलं. चूक माझी होती, हे आज सर्वांसमोर सांगतो.

अंगुत्तर निकायातलं कालामसुत्त आठवा. केसपुत्त गावचे कालाम लोक भगवंतांकडे आले. म्हणाले, जो तो गुरू आपलंच खरं म्हणतो. आम्ही कोणाचं मानावं? भगवंतांनी 'माझं माना' असं सांगितलं नाही. ऐकीव आहे, परंपरेने आलं आहे, ग्रंथात आहे किंवा हा आपला गुरू आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. त्याने लोभ, द्वेष, मोह वाढतो की हित होतं, हे स्वतः पारखा.

बाबासाहेबांची वाट हीच. कोलंबिया विद्यापीठात ते जॉन ड्युई या तत्त्वज्ञाकडे शिकले. जातीचं मूळ शास्त्रांवरील श्रद्धेत आहे, असं त्यांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या भाषणात मांडलं. आयोजकांना ते रुचलं नाही, परिषद रद्द झाली. बाबासाहेबांनी मजकूर बदलला नाही. स्वतः पुस्तक छापलं. तेच 'जातिनिर्मूलन'.

आपल्या वाडवडिलांना अक्षराची बंदी होती, तशीच 'का?' विचारण्याचीही. ती बंदी आपणच आपल्या विहारात घालायची काय?

येत्या रविवारी वर्गात त्याच प्रश्नावर चर्चा ठेवली आहे. मुलांसोबत आईवडिलांनीही यावं.

नमो बुद्धाय! जयभीम!