पाण्यात धूर सोडताना

धडधाकट होडीच्या मागच्या फळीला मुद्दाम भोक पाडायचं म्हटलं की मुरलेल्या मिस्त्रीचा हातही क्षणभर थबकतो. इंजिन होडीच्या पोटात असलं की धुराला बाहेर वाट हवीच, आणि त्याच वाटेनं पाणीही आत शिरू शकतं.

ग्वाल्हेरला समुद्र नाही, पण तिघऱ्याचा जलाशय वीसेक किलोमीटरवर आहे आणि नौकाविहाराची हौसही आहे. गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था ज्या भारतीय पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन संस्थेचा भाग आहे, तिचं मुख्यालय तर ग्वाल्हेरातच आहे. पाण्याचं बळही या शहरानं पाहिलेलं आहे. ऑगस्ट १९१७ मध्ये पाणी तिघरा धरणाच्या माथ्यावरून वाहिलं आणि दगडी भिंतीचे प्रचंड तुकडे जागचे सरकले.

डिझेल इंजिनातून निघणारा धूर चारशे अंशांच्याही वर तापू शकतो. तो थंड व्हावा म्हणून इंजिन गार करून आलेलं पाणी एका वाकड्या नळीत धुरात मिसळतात. पुढे रबरी नळीला हात लावता येतो. मधल्या डब्यात पाणी अडतं, धुराच्या दाबानं ते उंच वळणावरून पलीकडे ढकललं जातं आणि मागच्या फळीतून बाहेर पडतं. वळणापासून तोंडापर्यंत नळीला उतार हवा, मीटरमागे किमान चार सेंटिमीटर. नळी कुठं झोळीसारखी लोंबली की तिथं पाणी साचून राहतं. मागून आलेली लाट थेट इंजिनात पोचली तर आणखी वाईट, कारण पाणी दाबलं जात नाही आणि सिलिंडरमधला दांडा वाकतो.

आता त्या भोकाकडे येऊ. फायबरच्या होडीत दोन पातळ थरांमध्ये बरेचदा हलकं लाकूड असतं. भोक पाडल्यावर ते लाकूड उघडं पडतं. म्हणून कडेचं लाकूड बोटभर खरवडून तिथं घट्ट इपॉक्सी भरायची, ती वाळल्यावर पुन्हा मापात भोक पाडायचं. हे कुणाच्या नजरेस पडत नाही, म्हणूनच टाळलं जातं, आणि दोन पावसाळ्यांनी फळी मऊ पडते. कोकणात लाकडी होडीच्या फटींत कापूस ठासून राळेचा लेप देणारे कारागीर आधी फट खरवडून साफ करतात, तीच ही शिस्त.

मग भोकावर धुराच्या नळीचं धातूचं तोंड बोल्टनं बसवायचं. त्यासाठी आधी ॲसिटोननं पुसून, भोकाभोवती चिकटपट्टी लावून, पॉलियुरेथेन सीलंटची अखंड कडी ओढायची. प्रत्येक बोल्टभोवती वेगळी कडी. सिलिकॉन स्वस्त असतं, पण त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि पुढे त्यावर रंगही धरत नाही. बोल्ट बाहेरून स्थिर धरून आतलं नट फिरवायचं. बोल्टच फिरवला तर भोवतालची कडी तुटते. कडेनं सीलंट सारखं डोकावलं की थांबायचं. आवळत सुटलं तर सगळं बाहेर पिळून निघतं आणि धातू फळीवर कोरडा टेकतो.

हे सीलंट हवेतल्या दमटपणानं पिकतं. ग्वाल्हेरच्या मे महिन्यातल्या कोरड्या झळांत नळकांड्यावर छापलेले तास पुरत नाहीत, एखादा दिवस जास्त द्यावा लागतो. तेवढा धीर हवाच.

नळीच्या प्रत्येक टोकाला स्टेनलेस स्टीलचे दोन पट्टे, स्क्रू एकमेकांच्या उलट बाजूंना. एक सुटला तरी दुसरा धरून ठेवतो.

पाण्याची गळती डोळ्यांना दिसते, वायूची दिसत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डिझेलपेक्षा पेट्रोल इंजिनातून तो पुष्कळ जास्त निघतो. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसं समजतात, बोट लागली. बंद छताखाली लेकरं बसलेली असतील तर ही चूक जिवावर बेतते.

म्हणून होडी काठाला बांधून, सगळी झाकणं उघडून इंजिन चालू करायचं. पांढरा कागद प्रत्येक जोडाजवळून सावकाश फिरवायचा. काजळीचा ठिपका किंवा ओल उमटली तर इंजिन बंद करून तो जोड पुन्हा उघडायचा. दोन-चार फेऱ्यांनंतर पट्टे आणखी एकदा आवळायचे, कारण तापून निवलेलं रबर थोडं बसतं, आणि कागद पुन्हा फिरवायचा.